शेजारच्या खुर्चीतलं गिऱ्हाईक

घरात कुणाला मोठी खरेदी करायची असली की मला सोबत नेतात. वस्तूतलं मला फार कळतं असं नाही. मी फक्त बसते, ऐकते, आणि विकणाऱ्यापेक्षा आजूबाजूच्या गिऱ्हाइकांकडे जास्त लक्ष ठेवते. मावशीबरोबर सुट्टीच्या सदस्यत्वाच्या, म्हणजे आज पैसे भरून पुढे दरवर्षी काही दिवस रिसॉर्टमध्ये राहायच्या योजनेच्या, एका कार्यक्रमाला गेले, तेव्हापासूनची ही सवय.

"तुम्हाला बक्षीस लागलंय, फक्त घेऊन जा," असा फोन आला होता. गेल्यावर बक्षीस बाजूलाच राहिलं. मोठ्या हॉलमध्ये टेबलं मांडलेली आणि गाणी इतक्या मोठ्यानं लावलेली की आम्हा दोघींना एकमेकींशी बोलायचं तर कानाशी लागावं लागत होतं. मधूनमधून माइकवर कुठल्या तरी जोडप्याचं अभिनंदन व्हायचं, मग टाळ्या. शेजारच्या टेबलावर एक पन्नाशीतलं जोडपं होतं. नवरा चांगलाच तापलेला. "बाकी सगळं ठीक आहे, पण देखभालीची फी दरवर्षी वाढवत नेलीत तर आम्ही काय करायचं?" मावशीच्या मनात अगदी हाच प्रश्न घोळत होता. समोरच्या मुलानं शांतपणे उत्तर दिलं, त्या गृहस्थांचं समाधान झालं, बाईंनी पर्स उघडली, सह्या झाल्या. मावशी मला म्हणाली, "अगं, एवढा चिकित्सक माणूस घेतोय, म्हणजे त्यानं सगळं बघितलं असेलच ना!"

मी म्हटलं, "मावशी, आज सही नको. कागद घरी नेऊन वाचू." कागद घरी न्यायला मिळत नव्हते. आधी त्या मुलाचा साहेब आला, मग साहेबाचा साहेब, आणि प्रत्येक जण नवी सवलत घेऊन. आम्ही एकच वाक्य धरून ठेवलं: आज काही ठरवणार नाही. शेवटी सुटका झाली. बाहेर पडताना पाहिलं, तर पुढच्या तुकडीची माणसं आत सोडत होते आणि त्यांच्यात तेच जोडपं होतं. बाईंच्या हातात तीच पर्स.

मला राग आला तो त्या जोडप्याचा. विकणारा माणूस त्याच्या मालाची स्तुती करणार हे आपण धरूनच चालतो, त्याच्या बोलण्याला मनातल्या मनात निम्म्यावर आणतो. शेजारच्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत मात्र आपण बेसावध असतो. तो आपल्यासारखाच पैसे मोजायला आलेला, आपल्यासारखाच घाबरलेला. त्याची शंका फिटली की आपलीही फिटते. नकली गिऱ्हाईक नेमका तिथेच हात घालतं.

ही युक्ती जुनी आहे. पॅरिसच्या नाट्यगृहांत भाडोत्री टाळ्या वाजवणारे असायचे. १८२० च्या सुमारास तर असे लोक पुरवणारी कचेरीच तिथे निघाली. कुणी हसायचं काम करी, कुणी रुमालानं डोळे टिपायचं. त्यातल्या काहींना नाटक पाठ करून यावं लागे. अंकांच्या मधल्या वेळात शेजाऱ्याला 'तो प्रवेश काय सुंदर होता' असं सांगायचं, एवढंच त्यांचं काम. टाळ्यांपेक्षा ही शेजाऱ्याशी कुजबुज मला जास्त धोकादायक वाटते.

१९५० च्या दशकात सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञानं केलेले प्रयोग मला या हॉलचंच वर्णन वाटतात. एका खोलीत काही माणसं बसवायची, रेषा दाखवायच्या आणि कुठल्या दोन सारख्या लांबीच्या आहेत ते विचारायचं. उत्तर डोळ्यांना स्वच्छ दिसणारं. पण एक जण सोडून बाकी सगळे आधीच पढवलेले होते आणि ठरवून चूक उत्तर देत होते. बिचारा खरा माणूस सुमारे एक तृतीयांश वेळा त्यांच्या चुकीला दुजोरा देत असे. पुढे अ‍ॅशनं त्या खोलीत बरोबर उत्तर देणारा फक्त एक साथीदार बसवला. चुका आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आल्या.

म्हणून मी सोबत जाते. एकटं जाऊ नका, असं मी प्रत्येकाला कळकळीनं सांगते. सोबतचा माणूस हुशार असायला हवा असंही नाही. त्याला फक्त तिथे काही विकत घ्यायचं नसावं.

मोबाइलवरच्या गुंतवणुकीच्या ग्रुपमध्ये मात्र सोबत नेता येत नाही, आणि तिथे हा खेळ फार निर्दयपणे चालतो. शंभर सभासदांच्या ग्रुपात खरा माणूस कदाचित एकटे तुम्हीच असता. बाकीचे रोज नफ्याचे स्क्रीनशॉट टाकतात, 'सरांचे' आभार मानतात. त्यांच्यातलाच एखादा मुद्दाम शंका काढतो, म्हणजे तुमची शंका मनातच राहावी. सुरुवातीला छोटी रक्कम परतही मिळू देतात. मोठी रक्कम काढायला गेलात की 'आधी कर भरा' सुरू होतं. अशा ग्रुपात कुणाचंही मत मोजू नये. ज्याला तुम्ही प्रत्यक्ष ओळखता अशा माणसाला तो ग्रुप उघडून दाखवा आणि विचारा.

वस्तूंच्या अभिप्रायांतही शेजारची खुर्ची असतेच. मी पाच तारे आणि एक तारा दोन्ही सोडून मधले वाचते. खरं वापरलेला माणूस बारीक काहीतरी लिहितो: झाकण घट्ट बसत नाही, आवाज रात्री जास्त जाणवतो. चारच दिवसांत आलेले, एकाच साच्यातले, वस्तूचं पूर्ण नाव पुन्हा पुन्हा घेणारे अभिप्राय मी वगळते. युरोपीय संघाच्या २००५ च्या निर्देशात व्यापाऱ्यानं ग्राहक असल्याचं भासवणं सरळ निषिद्ध ठरवलंय. अमेरिकेत बनावट अभिप्राय विकत घेण्यावर २०२४ पासून स्वतंत्र नियमानं बंदी आहे. पण नियम नंतर धावून येतो, सही आधी झालेली असते.

सही झालीच असेल तर करार रद्द करायची मुदत त्याच दिवशी शोधा. सुट्टीच्या सदस्यत्वासाठी युरोपात ती १४ दिवसांची आहे. दडपणाखाली घेतलेला निर्णय घरी गेल्यावर बदलू शकतो, हे कायद्यालाही मान्य आहे. रद्द करतोय हे लेखी कळवा, फोनवरच्या आश्वासनावर थांबू नका.

पैसे गेलेच असतील तर बँकेला ताबडतोब कळवा, सगळे मेसेज जपून ठेवा, तक्रार करा. आणि घरच्यांनी त्या माणसाला बोल लावू नयेत, ही माझी हात जोडून विनंती. लाजेनं गप्प बसलेल्या माणसालाच पुढचा फोन येतो: "तुमचे बुडालेले पैसे आम्ही काढून देतो, फक्त आधी थोडी फी भरा." तिथेही 'माझे पैसे परत मिळाले हो' म्हणणारं कुणीतरी तयार बसवलेलं असतं. तो फोन त्याला एकट्याला घ्यायला लावू नका.