राब न भाजता भात: शहापूर तालुक्यात कृषी सखी होताना

ठाणे जिल्ह्यातला आमचा शहापूर तालुका म्हणजे भातसा, तानसा, मोडकसागर या धरणांचा तालुका. मुंबईच्या नळाला पाणी जातं ते इथून, आणि मार्च-एप्रिल उजाडला की आमच्याच कित्येक पाड्यांवर टँकरसाठी हंडे रांगेत लागतात. त्याची कारणं पुष्कळ आहेत. त्यातलं एक आमच्या हातातलं आहे: पाऊस धो धो पडतो, पण उतारावरची उघडी पडलेली जमीन तो धरून ठेवत नाही. कृषी सखी म्हणजे गावातल्या शेतकऱ्यांना शेतीचं शिकवणारी गावातलीच बाई. तिच्या प्रशिक्षणाला गेले तेव्हा वाटलं होतं, जीवामृत (शेण-गोमूत्राचं खत) आणि दशपर्णी अर्क (किडीवर फवारायचा झाडपाल्याचा अर्क) करायला शिकवतील. तेही शिकवलंच. पण मला आतून हलवलं ते राबाच्या, म्हणजे भाताच्या रोपांची जागा पालापाचोळा जाळून भाजण्याच्या विषयानं, म्हणून त्यावरच जास्त लिहिते.

निवडीबद्दल थोडक्यात. उमेद या ग्रामीण बायांसाठीच्या सरकारी अभियानात बचत गट असतात, त्या गटांचा मिळून ग्रामसंघ होतो, आणि कृषी सखीचं नाव ग्रामसंघाच्या बैठकीत ठरतं. स्वतः शेतात राबणारी, लिहिता-वाचता येणारी आणि चार घरी जाऊन बोलायला न बिचकणारी बाई हवी असते. कागदपत्रांचं फार काही अवघड नाही. अवघड होतं ते घरचं एक खाचर प्रयोगासाठी मागणं. जमीन सासऱ्यांच्या नावावर, आणि भात हेच वर्षाचं खाणं. नदीकडचं चांगलं खाचर मागितलं असतं तर नाहीच म्हणाले असते. मी वरच्या अंगाचं, लवकर सुकणारं मागितलं. ते मिळालं.

केंद्राच्या आराखड्यात कृषी सखीचं प्रशिक्षण 56 दिवसांचं आहे, आणि ते टप्प्याटप्प्यानं होतं. जमीन तयार करण्यापासून काढणीपर्यंतच्या पद्धती, बियाण्याची साठवण, माती आणि ओल टिकवणं, गुराढोरांची निगा, शेतीशाळा कशी भरवायची, लोकांशी कसं बोलायचं, असे विषय असतात. पुढे नोव्हेंबर 2024 मध्ये राष्ट्रीय नैसर्गिक शेती अभियान मंजूर झालं, त्यात 50 हेक्टरच्या एका समूहामागे दोन सखी धरल्या आहेत. म्हणजे हे शिक्षण स्वतःच्या शेतापुरतं नाही, गावासाठी घ्यायचं आहे, हे पहिल्यापासून ध्यानात ठेवावं लागतं.

मातीच्या तासाला शिकवणाऱ्या बाईंनी प्रत्येकीला दोन ढेकळं आणायला सांगितली होती, एक शेतातलं, एक जंगलातलं, दोन्ही वाळलेली. काचेच्या दोन पेल्यांत पाणी घेऊन त्यात ती अलगद सोडली. शेतातलं ढेकूळ बघता बघता विरघळलं, बुडबुडे आले आणि तळाशी नुसता गाळ बसला. जंगलातलं मात्र तसंच बसून राहिलं. कडा जराशा सुटल्या, पाणी बऱ्यापैकी नितळ. त्यात पालापाचोळ्याचा कुजलेला अंश आणि बारीक मुळ्यांचं जाळं असतं, तेच कणांना बांधून ठेवतं. पहिल्या मुसळधार पावसात आमच्या खाचरातून तांबडं पाणी का वाहतं, हे कुणी तोंडानं सांगायची गरज उरली नाही.

मग राब. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. भाताचं आवण, म्हणजे रोपं, जिथे करायची त्या जागेवर उन्हाळ्यात शेण, झाडांचा तोडलेला टहाळ, पालापाचोळा, गवत यांचे थर देतात, वर बारीक माती पसरतात आणि वाऱ्याचा अंदाज घेऊन पेटवतात. त्यासाठी ऐनासारखी झाडं दरवर्षी खराटा होईपर्यंत छाटली जातात. पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. वर्गात एकीनं लगेच सांगितलं, "राब वाईट, बंद करायला पाहिजे." बाईंनी तिला थांबवलं आणि विचारलं, "तुझ्या सासूनं राब का भाजला, ते आधी सांग."

सगळ्या मिळून उत्तरं काढली. आगीनं जमिनीतलं तणाचं बी मरतं. राखेतून पोटॅश मिळतं, रोप जोमदार येतं. आवण उपटायला सोपं जातं. आणि सगळ्यात मोठं कारण: तण कमी आलं की बेणणी, म्हणजे तण काढणं, कमी, आणि बेणणीला वाकायचं असतं बायांनाच. आमच्या आज्यांनी झाडं तोडली ती अडाणीपणानं नाही. पाठ मोडणारं एक काम त्यांनी आगीकडून करून घेतलं. या कारणाला पर्याय दिल्याशिवाय कुणाला राब सोड म्हणायचा मला हक्कच नाही, हे त्या दिवशी मनात पक्कं बसलं. गावात काम करायला निघालेल्या कुणालाही मी आज हेच सांगते.

पर्याय माझ्या वरच्या खाचरात करून बघितला. उन्हाळ्यात जमीन उकरून शेणखत मिसळलं आणि अर्धी वीत उंचीचे, दोन्ही बाजूंनी हात पोचेल इतके रुंद गादीवाफे केले. गिरणीतून तूस (भाताची टरफलं) आणून त्याची काळी राख मिसळली. तिच्यात सिलिका असते, त्यानं रोपाचं खोड टणक होतं. पहिल्या पावसानंतर लगेच पेरलं नाही. तण उगवू दिलं, ते कोवळं असतानाच खुरप्यानं वरच्यावर खरवडून काढलं, आणि मग ओळीत पेरणी केली. बी आधी मिठाच्या पाण्यात घातलं होतं, 10 लिटरला 300 ग्रॅम मीठ. पोचट दाणे वर तरंगले ते काढून टाकले, खालचे स्वच्छ पाण्यानं धुऊन सावलीत वाळवले आणि बीजामृत (बियाण्याला लावायचं शेण-गोमूत्राचं द्रावण) लावलं.

यात एक खरी अडचण आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. तण उगवायची वाट बघायची म्हणजे पेरणी मागे जाते. शेजारचं आवण हिरवंगार दिसत असताना आपला वाफा मातीचाच, तेव्हा घरातले आणि वाटेनं जाणारे सगळेच बोलतात. पण तण बरंच कमी आलं, आणि जे आलं ते ओळींमुळे बसून, न वाकता काढता आलं. शेजारच्या मावशी रोज गुरं घेऊन तिथून जायच्या. त्यांनी एकदा स्वतः खुरपं घेऊन एक ओळ बेणून बघितली आणि म्हणाल्या, "माझी कंबर धरली नाही गं." माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा त्यांचं हे वाक्य गावात जास्त फिरलं.

लावणीआधी रोपांचे शेंडे खुडले, कारण खोडकिड्याचा पतंग अंडी पानाच्या टोकाकडे घालतो. चिखलणीच्या वेळी गिरिपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) पाला गाडला. गिरिपुष्प बांधावर लावायला फार सोपं, पावसाच्या तोंडावर फांदी रोवली की जगते, वासामुळे गुरं सहसा तोंड लावत नाहीत, आणि नत्र मिळतं ते वेगळंच. जीवामृताचं माप आता सगळ्यांना पाठ आहे: 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. ज्यांच्याकडे गाय नाही त्यांनी काय करायचं, हा प्रश्न गटात आला. आम्ही दोन घरांच्या गोठ्यावर मिळून एकच पिंप ठेवलं. गूळ-बेसन सगळ्यांचं, शेण-गोमूत्र त्या घरांचं, ढवळायची पाळी ठरलेली.

एका विषयावर आमच्यात बराच वाद झाला. आमच्या भागात काही शेतकरी नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांचं सगुणा राईस तंत्र वापरतात. त्यात चिखलणी नाही, लावणी नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच ठेवतात. मला त्यातलं मुळं न उपटणं मनापासून पटतं, आणि लावणीचे कष्ट वाचतात हीसुद्धा लहान गोष्ट नाही. पण त्यात तणनाशक वापरतात, आणि ते नैसर्गिक शेतीत बसत नाही. मी मुळं ठेवण्याचं घेतलं, तणनाशक घेतलं नाही. भातानंतर त्याच ओलीवर वाल टाकले, वर पेंढा अंथरला.

शेवटी परीक्षा. लेखी आणि तोंडी दोन्ही असते आणि प्रमाणपत्र हैदराबादच्या मॅनेज या केंद्राच्या कृषी विस्तार संस्थेचं मिळतं. पुस्तकातलं पाठ असण्यापेक्षा शेतात केलेलं असलं की उत्तरं आपोआप येतात. मला दशपर्णीसाठी कडुनिंब मिळाला नाही तर काय, असं विचारलं. आमच्याकडे करंज, निरगुडी, सीताफळ, एरंड, रुई, पपई आहे, कडू आणि उग्र वासाचा पाला हवा, एवढं मी सांगितलं आणि कशाची किती पानं कुठून आणते तेही सांगितलं.

आता आम्ही पीजीएसचा, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांच्या सेंद्रिय शेतीची खात्री द्यायच्या पद्धतीचा, स्थानिक गट केला आहे. निदान पाच शेतकरी लागतात, सगळे मिळून शपथ घेतात आणि एकमेकांची शेतं तपासतात. पण मी तुझं तपासलं तर तू माझं तपासायचं नाही, असा नियम आहे, आणि तो मला फार आवडतो. हंगामी पिकांना पूर्ण सेंद्रियचा दर्जा मिळायला 24 महिने लागतात. तोवर तांदूळ आणि वाल ओळखीच्या घरांना देतो. आसनगावहून लगेजच्या डब्यात गोण्या चढवायच्या, ठाण्याला उतरवायच्या. ठाण्यातल्या ताया पहिलं हेच विचारतात की हे औषधाशिवायचं कशावरून. मी त्यांना शेत बघायला बोलावते. काही येऊनही गेल्या.

येत्या ग्रामसभेत आम्ही दोन ठराव मांडणार आहोत. भात निघाल्यावर गुरं मोकाट सुटतात आणि वाल, पेंढा दोन्ही खाऊन टाकतात, म्हणून वाल निघेपर्यंत राखणीची पाळी लावायची. आणि ज्यांना अजून राब भाजायचा आहे त्यांनी निदान ऐनाचा शेंडा राखून फक्त बाजूच्या फांद्या घ्यायच्या, आणि आगीभोवती जाळपट्टा काढायचा, म्हणजे वणवा रानात शिरणार नाही. दुसऱ्या ठरावाला मावशींनी अनुमोदन द्यायचं कबूल केलं आहे.