कलप आणि क्षौर

रविवार, 13 जुलै 2025. सातारा.

आज सकाळी दाढीचा आरसा खिडकीत नेला आणि मुलीच्या जुन्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन टाळूवरचे केस मोजले. 11 मिलिमीटर भरले. आईच्या दहाव्याला, 11 जून रोजी, संगम माहुलीच्या घाटावर क्षौर केले त्याला आज 32 दिवस झाले, म्हणजे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात हा हिशेब माझ्याही डोक्याने पाळला म्हणायचा. साठीच्या माणसाने पट्टी घेऊन स्वतःचे केस मोजत बसावे हे काही शोभणारे नाही, परंतु मला खरे पाहायचे होते ते रंगाचे प्रमाण. कानांवर आणि कपाळाच्या कडेला औषधालाही काळा केस उरलेला नाही. मागे मानेकडे थोडे काळे आहेत. मिशी मात्र अजून निम्मीशिम्मी काळी आहे, त्यामुळे ती दुसऱ्या कुणाची आणून लावल्यासारखी दिसते.

आता कलप पुन्हा सुरू करायचा की नाही, हे येत्या आठ-पंधरा दिवसांत ठरवावे लागेल. केस आखूड असताना लावला तर कुणाच्या लक्षात येणार नाही, आणि लावायचा नसेल तरी हीच वेळ सोयीची आहे, कारण कलप सोडणाऱ्याला सहसा जो त्रास होतो, म्हणजे वर काळे आणि मुळाशी पांढरे असे दोन रंगांचे डोके घेऊन वर्षभर लोकांत वावरण्याचा, तो माझ्या बाबतीत घाटावरच्या वस्तऱ्याने पाच मिनिटांत संपवला आहे.

कलप मी 2007 साली, बेचाळिसाव्या वर्षी धरला. तो मी आपल्या हौसेने धरला हे आधी लिहून ठेवतो, कारण पुढच्या मजकुरात आईचे नाव वारंवार येणार आहे आणि तिच्या माथी सगळे मारायचे नाही. कचेरीत नव्याने आलेल्या एका तरुण कर्मचाऱ्याने माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या सहकाऱ्याला माझ्यादेखत ‘साहेब’ म्हटले आणि मला ‘काका’. त्याच रविवारी मी पहिली पुडी आणली. तेव्हापासून दर तिसऱ्या रविवारचा क्रम ठरून गेला. कान आणि कपाळाला डाग पडू नये म्हणून खोबरेल चोपडायचे, जुना बनियन चढवायचा, पुडी कात्रीने कापून कान तुटलेल्या कपात पाण्याने कालवायची आणि जुन्या टूथब्रशने भांगापासून लावत जायचे. मग अर्धा तास वर्तमानपत्र दोन्ही हातांनी लांब धरून वाचायचे. न्हाणीघरातल्या एका फरशीवरचा तपकिरी ठिपका कशानेही गेला नाही. वर्षाला सतरा वेळा धरले तरी अठरा वर्षांत तीनशेच्या वर पुड्या झाल्या.

2011 साली वडील गेले तेव्हाही मी क्षौर केले होते. त्या वेळी केस असेच पांढरे उगवले आणि मी मनाशी म्हटले, चला, सुटलो. वडील जाऊन महिना झाला असेल. आई माजघरात तांदूळ निवडत बसली होती. तिचे स्वतःचे केस केव्हाच कापसासारखे झाले होते आणि शिकेकाईखेरीज त्यांना तिने जन्मात काही लावले नव्हते. ती माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि सूप खाली ठेवून म्हणाली, “तूही पांढरा झालास तर मी किती म्हातारी झाले रे?” मला उत्तर सुचले नाही. पुढच्या रविवारी मी पुडी कापली, आणि ती खरी तिच्यासाठी होती.

नंतर तिलाच त्या पुडीची धास्ती वाटू लागली. 2019 मध्ये माझ्या कानामागे आणि मानेवर पुरळ उठले, खाज सुटली, एक पापणी सुजली. त्वचेच्या डॉक्टरांनी कारण सांगितले. बाजारातल्या बहुतेक काळ्या कलपांत पीपीडी नावाचे रसायन असते. ते पेरॉक्साइडशी संयोग पावून केसाच्या आत रंग तयार करते, म्हणून तो रंग धुऊन जात नाही. आणि ज्याच्या अंगाला ते एकदा सोसेनासे झाले त्याला ते सहसा पुन्हा सोसत नाही, उलट दर वेळी त्रास वाढू शकतो. ‘अमोनिया नाही’ असे डब्यावर छापलेले असले तरी पीपीडी असू शकते, हेही त्यांनी सांगितले. लावण्यापूर्वी 48 तास आधी कानामागे थोडा लावून बघावा, ही पुडीवरची बारीक अक्षरांतली सूचना मी बारा वर्षांत एकदाही वाचली नव्हती. डॉक्टरांनी कलप बंद करायला सांगितला. मी दोन महिने बंद केला आणि मग दुसऱ्या कंपनीची पुडी आणली, हा माझा शहाणपणा.

त्या दोन महिन्यांत आईने आपला उपाय काढला होता. आवळकाठी आणि माक्याची पूड लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालायची आणि सकाळी ती शाईसारखी काळीभोर झाली की माझ्या डोक्याला लावायची. लोखंड आणि आवळ्यातला तुरट अंश एकत्र आले की काळा रंग येतो, त्यात जादू नाही. गंमत अशी की सहाव्या शतकात उज्जैनच्या वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त जवळजवळ हेच सांगितले आहे: हरीक या भरडधान्याचे तांदूळ लोहचूर्णासह आंबवणीत, लोखंडी भांड्यात शिजवून वाटावेत, त्यांचा लेप डोक्याला लावून वर ओली पाने बांधावीत, दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप द्यावा. पांढऱ्या केसांच्या माणसाला माळा, अत्तरे आणि वस्त्रे शोभत नाहीत, असे तो आरंभीच निःसंकोचपणे लिहितो. वडील संस्कृतचे शिक्षक होते, त्यामुळे हे घरात कानांवर पडलेले. ते स्वतः मात्र कालिदासाच्या बाजूचे होते. ‘रघुवंशा’च्या बाराव्या सर्गात दशरथाच्या कानाशी पांढरा केस येतो, तो केस नसून म्हातारपणच असते, आणि कैकेयीला ऐकू जाऊ नये म्हणून की काय, ते राजाच्या कानात हळूच सांगते की रामाला राज्य दे. वडील हा श्लोक सांगून माझ्या भांगाकडे पाहत आणि म्हणत, “तू असतास तर रामायण घडलं नसतं.”

आईच्या कढईतल्या लेपाने माझे केस काळे झाले नाहीत, मातकट करडे झाले, आणि चार तास बसून राहण्याचा धीर मला नव्हता. ती मात्र हिरमुसली नाही. “ऊन दाखव, धरेल रंग,” असे म्हणत राहिली.

या मे महिन्यात ती 19 दिवस रुग्णालयात होती. मी रात्री तिथल्या बाकावर काढत होतो. कलपाचा रविवार आला आणि गेला, त्याच्या पुढचा रविवारही गेला. भांगात बोटभर पांढरी पट्टी दिसू लागली. 30 मेच्या संध्याकाळी तिला जरा हुशारी वाटत होती. मी तोंडाशी चमचा धरला तर तिने तो बाजूला केला. “डोक्याचं काय करून घेतलंयस? जा, लावून ये आधी. लोक म्हणतील, आईपायी पोरगं म्हातारं झालं.” परिचारिका हसली, मीही हसलो. बहिणीला थांबवून घरी आलो आणि रात्री साडेअकराला, सगळी आळी झोपलेली असताना, न्हाणीघरात उभा राहून कलप लावला. सकाळी ती मला जवळ बोलावून केसांतून बोटे फिरवत म्हणाली, “आता कसं.” 2 जूनला पहाटे ती गेली.

दहाव्याला घाटावर चुलतभाऊ म्हणाला, “आता कोणी पूर्ण काढत नाही, बारीक केलेस तरी चालेल.” मी पूर्णच काढायला सांगितले. कृष्णेला वेण्णा मिळते तिथल्या ओल्या पायरीवर मी मान खाली घालून बसलो होतो, आणि केसांचे पुंजके समोर पडत होते. सगळे काळे, फक्त मुळाकडच्या टोकाला तांदळाच्या कणीएवढे पांढरे, म्हणजे 30 मेच्या रात्रीनंतर उगवलेले. न्हाव्याने वस्तरा पुसता पुसता ते पाहिले. “आत्ताच लावला हुता की सायेब,” एवढेच म्हणाला. मला तेव्हा रडू आले, आणि ते कशाने आले हे मी तिथे कुणाला सांगू शकलो नसतो.

तर आता समोर प्रश्न आहे, आणि तो जितका सोपा दिसतो तितका नाही. ज्या माणसासमोर मी म्हातारा दिसायचे नाही असे ठरवले होते ते माणूस राहिले नाही, तेव्हा कलपाचे कारणही संपले, असे मी पंधरा दिवस स्वतःला सांगत होतो. पण 2023 साली निवृत्तीच्या समारंभाच्या आदल्या दिवशी मी कलप लावला तेव्हा आई त्या समारंभाला येणार नव्हती. गुडघ्यांमुळे ती जिना उतरत नसे. तो कलप फोटोसाठी होता. माझ्या तीनशे पुड्यांतल्या तिच्या किती आणि माझ्या किती, याचा हिशेब आता लागायचा नाही. पुरळाचे कारण पुढे करून सुटता येईल, आणि खरे तर ते एकटेच पुरेसे आहे. पण डॉक्टरांनी सांगून सहा वर्षे झाली, तेव्हा ते आता पुढे करणे मलाच पटत नाही.

मुलगी पुण्याहून फोनवर चेहरा पाहून म्हणाली, “बाबा, असेच ठेवा, भारी दिसताय.” तिच्या वयाला पांढरे केस हा पोशाखाचा प्रकार वाटतो. गेल्या मंगळवारी वाईला जाताना एसटीत वाहकाने मात्र तिकिटाची पेटी न उघडताच हात पुढे केला, “आजोबा, कार्ड.” एसटीत 65 वर्षांनंतर अर्धे तिकीट आणि 75 नंतर पूर्ण प्रवास मोफत, मला अजून पाच वर्षे अवकाश आहे, हे सांगितल्यावर त्याने माझ्या डोक्याकडे एकदा पाहिले आणि पूर्ण तिकीट फाडले. राग आला नाही. पाच वर्षांचे अर्धे भाडे बुडाल्याची हळहळ वाटली.

सौभाग्यवतींशी काल रात्री हा विषय काढला. ती मेंदी लावून वर नीळ लावते, त्यात तिचा महिन्यातून एक अख्खा दिवस जातो. “तुम्ही करा काय करायचं ते, मला त्यात ओढू नका,” ती म्हणाली. “तुम्ही पांढरे झालात की लोक म्हणणार, काय रुबाब आला. मी सोडलं तर घरी येऊन विचारतील, वहिनी, बरं नाही का?” मी म्हणालो की शेजारी उभे राहिलो तर विजोड दिसू. त्यावर ती म्हणाली, “अहो, लग्नातही दिसत होतो.” तिच्या म्हणण्यातला अन्याय खरा आहे, आणि मी पांढरा राहिलो तर तो तिच्या बाजूने थोडा वाढणारच आहे; याचे काय करावे हे मला सुचलेले नाही.

दुपारी पाऊस थोडा उघडला तेव्हा दाढीसाठी नेहमीच्या सलूनमध्ये गेलो. शेजारच्या खुर्चीवर एक गृहस्थ डोक्याला काळा चिखल थापून डोळे मिटून बसले होते. मालकाने सवयीने वाटी उचलली आणि आरशातून विचारले, “साहेब, भिजवू का?” मी म्हणालो, “आज नुसती दाढी.” त्याने मिशीकडे बोट दाखवले. “मिशीला तरी?” नको म्हणालो. त्याने खांदे उडवले आणि ब्रश फेसात बुडवला.

वर्षश्राद्धापर्यंत काही लावायचे नाही, इतके ठरले आहे. मध्ये दिवाळी येईल. नरकचतुर्दशीला पहाटे पाटावर बसवून माझ्या टाळूवर तेल थापणारे या वर्षी कोणी नाही. गेल्या खेपेला ती बोटे हुंगून “कलपाचा वास तेलालाही जुमानत नाही हो,” असे म्हणाली होती.

संध्याकाळी न्हाणीघरातले कपाट आवरताना सौभाग्यवतींना तीन पुड्या सापडल्या. टाकू का म्हणून तिने विचारले. मी हातात घेऊन उलटून पाहिल्या. मुदत मार्च 2027 ची आहे. राहू देत म्हणालो.