वारो खय आसा? धामापूरच्या तळ्याकाठचा एक आठवडा

दरवर्षी चैत्रात मी आठ दिवस मामाकडे धामापूरला जातो, आंबा काढणीला हात लावायला. यंदा निघण्याआधी हवामान खात्याचा सिंधुदुर्गाचा अंदाज वहीत उतरवून घेतला होता. सोमवार ते बुधवार उष्ण व दमट, गुरुवारी-शुक्रवारी तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलका पाऊस, पिवळा इशारा, पुढे कोरडं. मामाने ओट्यावर बसून ते पान दोनदा वाचलं आणि वही परत देत विचारलं, "ह्यात वारो खय आसा?"

आठवडाभर मी त्या प्रश्नाच्याच मागे होतो.

धामापूर कुडाळ-मालवण रस्त्यावर. भोवती झाडीने भरलेले डोंगर आणि मध्ये तळं. १५३० साली नागेश देसाई यांनी गावकऱ्यांच्या हातांनी बांध घालून ते बांधलं असं सांगतात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान दिला. काठावर भगवतीचं देऊळ, देवळापासून थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. पूर्वी लग्नकार्याला दागिने हवे असले की फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे, परडी तळ्यात सोडायची आणि देवी तसेच सोन्याचे दागिने द्यायची, ही गोष्ट मामीने मला लहानपणी याच पायऱ्यांवर सांगितली. मला आजही त्या पायऱ्यांवर बसलं की आधी परडीच आठवते.

मंगळवारी सकाळी दहाला मामाने मला तिथेच नेऊन बसवलं. पाणी आरशासारखं. पलीकडचा डोंगर झाडन् झाड उलटा दिसत होता. अंगाला घाम, पण पान हलत नव्हतं. कोकणात रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो. तो मतलई. दिवस चढला की जमीन तापते आणि वारा उलटतो, समुद्राकडून खारा वारा आत येतो. शाळेत हे दोन ओळींत शिकवतात. उलटण्याची वेळ मात्र रोज वेगळी असते आणि इथल्या वसंतातला सगळा दिवस त्या वेळेवर टांगलेला असतो. घाटावरून पूर्वेचा वारा जोरात असला तर तो खाऱ्या वाऱ्याला किनाऱ्यावरच अडवून धरतो. त्यात सह्याद्री उतरून खाली येणारी हवा दाबली जाऊन आणखी तापते, शंभर मीटरला साधारण एक अंश. अशा दिवशी किनारपट्टीवरही पारा ३७ च्या वर जातो. मैदानात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० पासून सुरू होतो, किनाऱ्यावर ३७ पासून, आणि तेही सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त असलं तर. या दमट हवेत घाम सुकतच नाही, म्हणून इथले ३७ अंगाला फार जड जातात.

साडेअकरा झाले, बारा झाले. मामा तळ्याच्या पश्चिमेकडे बघत होता. पावणेएकच्या सुमारास त्या टोकाला डोंगराचं प्रतिबिंब थरथरलं. आधी एक बारीक रेघ, मग पाण्यावर हातभर रुंदीचा काळपट पट्टा, त्यात तांदळाएवढ्या लाटा. पट्टा आमच्याकडे सरकत आला, उलटा डोंगर त्याच्याखाली पुसत गेला आणि तो पायऱ्यांना लागायच्या आत मानेवर गार झुळूक आली. "इलो," मामा म्हणाला आणि उठला. "दोन तास उशीर. आज काय फळ मेळात ता बघ."

काय ते संध्याकाळी पडवीत कळलं. आढीतला एक चांगला पिवळाधमक हापूस मामाने मधोमध कापला. बाहेरून डाग नाही, वास घर भरून टाकणारा, आणि आत बाठ्याजवळ पांढुरका, स्पंजासारखा आंबट गर. साका. कातळावरची कलमं ही, दुपारी खालून दगडाची धग येते, वरून ऊन. वारा उशिरा आला की फळाला दोन्हीकडून भाजतं. त्यावर बागायतदाराकडे उपाय थोडे आहेत. कलमाखाली गवत पसरून ठेवायचं, फळ पूर्ण पिकू न देता चौदा आणे तयार झालं की झेल्याने, म्हणजे टोकाला जाळी लावलेल्या काठीने, देठासकट उतरवायचं, आणि काढणी सकाळच्या गारव्यात उरकायची. मामा उरलेला अर्धा कितीतरी वेळ हातात घेऊन बसला होता. कित्येक महिने राखलेलं फळ असं निघालं की माणूस गप्प होतो, आणि त्याला काय बोलावं हे मला कधीच सुचलेलं नाही.

बुधवार तसाच गेला. गुरुवारी मालवणला जाऊन आलो.

शुक्रवारी दुपारी तीनला पूर्वेकडे ढगांच्या गाठी वर चढायला लागल्या. या दिवसांतला पाऊस समुद्राकडून येत नाही. तापलेली जमीन आणि समुद्राचं बाष्प घाटाशी एकत्र येतात, तिथे ढग बांधले जातात आणि मग ते खाली कोकणात उतरतात. म्हणून एकाच जिल्ह्याच्या अंदाजात आंबोलीला भिजणं असतं आणि मालवणला कोरडं. आंबोली सुमारे ६९० मीटरवर, मालवण पाण्यालगत, आणि दोघांना मिळून अंदाजाची ओळ एकच. 'तुरळक ठिकाणी' याचा अर्थही मला इथेच नीट उमगला. जिल्ह्यातल्या जास्तीत जास्त चौथाई ठिकाणी पाऊस. चौथाईत आपण आहोत की नाही, हे आभाळाकडे बघूनच ठरवायचं.

माझ्या फोनवर दामिनी वाजलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने केलेलं हे ॲप आसपास वीज पडत असली की सांगतं. मामाने कलमावर चढलेल्या दोघांना हाक मारून खाली उतरवलं. मामी खळ्यात धावली. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, नुकतेच सुरू झाले होते, पहिली आमसुलं मिठाच्या रसात घोळवून सुपांवर वाळत घातली होती. चार सुपं मी उचलली, बाकीची तिने, आणि शेवटचं सूप पडवीत टेकतोय तोच कौलांवर थेंब वाजले. मोठे, सुटे, मातीत रुतणारे. वीज गेली. वीस मिनिटं पडला. मामी दारात उभी राहून म्हणाली, "पाऊस नेरूरपार धरून पलीकडे गेलो असतो तर बरा झाला असता." पण तिच्या चेहऱ्यावर गारवा दिसत होता, आणि मलाही त्या ओल्या मातीच्या वासाने बरं वाटत होतं, हे कबूल करायला हवं.

शनिवारी सकाळी काढणी नाही. ओलं फळ उतरवलं की पेटीत डागतं. आम्ही कलमाकलमाखाली फिरून पडलेल्या कैऱ्या गोळा केल्या, दोन करंड्या भरल्या. पावसानंतर फळमाशी वाढते म्हणून मामाने कोकण कृषी विद्यापीठाचे रक्षक सापळे तपासले, दोन सापळ्यांत औषध बदललं. करपा या बुरशीच्या रोगाची भीती वेगळीच. मामी कैऱ्या चिरायला बसली. लोणच्याला एवढ्या लागत नाहीत, म्हणून निम्म्या शेजारी गेल्या.

रविवारी निघायचं होतं. पहाटे साडेपाचला उठलो तर आभाळ धुतलेलं, अंगावर हलकी मतलई. मामा झेला खांद्यावर टाकून केव्हाच निघाला होता. मी तळ्यावरून गेलो. उलटा डोंगर शांत पडलेला. रिक्षा साडेदहाला यायची होती, पण मी तिला थोडं थांबवलं आणि पायऱ्यांवर बसून राहिलो. दहा वाजून पन्नास मिनिटांनी पश्चिमेकडची रेघ हलली. मी मामाला फोन लावला. पलीकडे पानांची सळसळ ऐकू येत होती, आणि तोच आधी म्हणाला, "हय पण इलो."