गाडी विकायचीय, तर बघू द्या की

आज शिरोलीत आमचा ट्रक बघायला गिऱ्हाईक आलं, सोबत त्यांचा मिस्त्री. पठ्ठ्यानं आधी रेडिएटरला हात लावला, इंजिन तापवून ठेवलंय का बघायला. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढून धूर बघितला. चेसिस नंबर रॉकेलच्या फडक्यानं पुसून आरसी बुकाशी जुळवला.

धाकटा भाऊ वैतागला. मी म्हटलं, बघू दे. माझी पहिली गाडी घेताना मालकानं 'माझ्या शब्दावर घ्या' म्हणून खाली वाकू दिलं नव्हतं. तीन महिन्यांत गिअरबॉक्स गेला.

कागलपर्यंत ट्रायलही दिली, शेजारी मी बसलो. इंजिनचं हेड, म्हणजे वरचा भाग, खोलायचं म्हणाले तेव्हा मात्र थांबवलं. म्हटलं, आधी इसार, खोलण्या-बसवण्याचा खर्च तुमचा. चेसिसचं वेल्डिंग मीच दाखवलं. उद्या परत येतायत.