ओटी नोटसाठी १९ दिवस

आईच्या डोक्याचं ऑपरेशन होऊन पाच महिने झाले. ती इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी आहे, हिंडते-फिरते, सकाळी पोह्यांवर शेव कमी पडली तर सांगते. पण तिच्या आधीच्या ऑपरेशनचा कागद मागताना जुन्या हॉस्पिटलच्या रेकॉर्डच्या खिडकीवर जे झालं, त्याचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. कुणाला तरी उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

लहानपणी आईचं डोकं भाजलं होतं. त्या जुन्या व्रणावर साठी उलटल्यावर जखम झाली आणि तपासणीत कॅन्सर निघाला. भाजलेल्या व्रणातून होणाऱ्या अशा कॅन्सरला मार्जोलिन अल्सर म्हणतात. एका हॉस्पिटलात जखम काढली, मानेच्या उजव्या बाजूच्या गाठी काढल्या, डोक्यावर मांडीची कातडी लावली, नंतर रेडिएशन दिलं. वर्षभरात ती कातडी विरली आणि टाळूवर तळहाताएवढं हाड उघडं पडलं. हाडावरचं पातळ आवरण शाबूत असेल तरच वर कातडी धरते. आईचं ते आवरण गेलेलं होतं.

इंदूरमधल्याच दुसऱ्या प्लास्टिक सर्जननी पाठीचा लॅटिसिमस स्नायू काढून डोक्यावर बसवायचं ठरवलं. त्या स्नायूची धमनी आणि शीर डोक्याच्या किंवा मानेच्या चालू धमनी-शिरेला मायक्रोस्कोपखाली जोडायची, केसाहून बारीक दोऱ्याने. आईने विचारलं, "पाठीचं मांस डोक्यावर जगेल का हो, डॉक्टर?" ते म्हणाले, "काकू, १९७२ साली मॅक्लीन आणि बंकी या सर्जननी पोटातला चरबीचा पदर डोक्यावर लावून जगवल्याचं प्रसिद्ध झालंय. मांस जगतं. जोडायला चांगली नळी मिळाली पाहिजे."

ती नळी म्हणजे कानाच्या अगदी पुढे बोट ठेवलं की ठोका लागतो ती, सुपरफिशियल टेम्पोरल. टाळूला सगळ्यांत जवळची, म्हणून पहिली पसंती तिलाच. तिच्या जोडीची शीर मात्र कधीकधी इतकी पातळ निघते की तिचा भरवसा धरता येत नाही. मग मानेत उतरावं लागतं: धमनीसाठी फेशियल किंवा सुपीरियर थायरॉइड, शिरेसाठी जुग्युलर. मानेपासून टाळू लांब, म्हणून मध्ये पायाच्या शिरेचा तुकडा जोडावा लागू शकतो. शिवाय रेडिएशन लागलेल्या रक्तवाहिनीची भिंत ठिसूळ होते. टाका घालताना आतला थर सुटला तर गुठळी होते आणि सगळा स्नायू जातो. हे मला तीनदा समजावून घ्यावं लागलं, तेव्हा पुढची धावपळ कशासाठी ते कळलं.

डॉक्टरांना जुन्या ऑपरेशनची ओटी नोट, म्हणजे ऑपरेशनमध्ये काय काय केलं याची सर्जनने लिहिलेली नोंद, हवी होती. आमच्याकडच्या डिस्चार्ज कार्डावर एका ओळीत उरकलेलं. मी म्हटलं, सीटी अँजिओ, म्हणजे डाय देऊन रक्तवाहिन्यांचं स्कॅन, करणारच आहात ना? ते म्हणाले, "त्यात धमनी छान दिसेल, शिरांची तेवढी खात्री नाही. उजवीकडे काय बांधलं, काय ठेवलं, ते करणाऱ्याने लिहून ठेवलेलं असणार. डावीकडून जोडायचं असेल तर स्नायूही डाव्या पाठीचा घेऊ, म्हणजे आईंना उजव्या कुशीवर ठेवून दोन टीम एकदम काम करतील. बाजू आधी ठरलेली बरी."

पहिल्या दिवशी खिडकीतल्या माणसाने कार्ड न बघताच सांगितलं, "फाइल स्टोर में है, गुरुवार को आना।" गुरुवारी तो रजेवर. सोमवारी म्हणाला, या नंबरची फाइलच नाही. मी दिलेला नंबर ओपीडीचा होता, भरतीचा आयपीडी नंबर वेगळा असतो. हे पहिल्याच दिवशी एका वाक्यात सांगता आलं असतं. आयपीडी नंबर घेऊन गेले तर त्या नंबरवर नाव जुळेना. भरतीच्या वेळी आम्ही आपल्या सवयीने आडनाव आधी सांगितलेलं, त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये आडनाव हेच नाव झालं होतं. मी म्हणत होते, उलटं टाकून बघा. तो म्हणत होता, साहब से लिखवाकर लाओ. साहेब जेवायला गेलेले. मागच्या रांगेत एक म्हातारे बाबा ऑक्सिजनची नळी लावून उभे होते, त्यांनाही तेच उत्तर. त्या दिवशी मी जिन्यात बसून रडले. घरी आईच्या ड्रेसिंगमधून वास येत होता, उघडं हाड दिवसागणिक वाळत होतं, आणि एक कागद मिळेना.

माझ्या भाच्याने नियम शोधून काढला. इंडियन मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत स्पष्ट आहे: रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितल्यास कागदपत्रं ७२ तासांत द्यायची, आणि उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं ती जपायची. आईच्या सहीचं अधिकारपत्र, माझं आधार कार्ड आणि लेखी अर्ज घेऊन मी खिडकीवर न जाता आवक विभागात गेले आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट शिक्का घेतला. तोंडी मागण्यात माझे दोन आठवडे गेले होते. शिक्का मारल्यापासून तिसऱ्या दिवशी फाइल सापडली. तुम्ही शिक्क्यापासूनच सुरुवात करा.

नोट दोन पानांची, हाताने लिहिलेली. डॉक्टरांनी वाचली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: उजवी टेम्पोरल बांधलेली, उजवी एक्स्टर्नल जुग्युलर काढलेली. रेडिएशनच्या कार्डातही उजवी मान. म्हणजे डावी बाजू. मग रक्ताचा प्रवाह तपासणारं डॉप्लर, सीटी अँजिओ. (किडनीच्या क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट सोबत न्या आणि शुगरच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर डाय देताना अडतं.) डावी धमनी चांगली दिसली.

ऑपरेशन दहा तास चाललं. धमनी कानापुढे जोडली. तिथली शीर खरंच पातळ निघाली, म्हणून पायाच्या शिरेचा तुकडा घालून मानेतल्या डाव्या जुग्युलरला जोड दिला. इथे एक सांगायचं राहिलं. आदल्या रात्री वॉर्डात आईच्या हाताला सलाईनची सुई लागेना, तेव्हा सिस्टरनी मानेची डावी शीर बघायला सुरुवात केली. मी त्यांना अडवलं. सकाळी तीच शीर कामाला आली. जी बाजू ठरेल त्या मानेला आणि ज्या पायाची शीर घेणार त्या पायाला सुई लावू देऊ नका. केस पेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.

आणि चष्मा. डावी काडी नेमकी कानापुढच्या जोडावरून जाते, तिथे दाब चालत नाही. चष्मेवाल्याकडून ती काडी काढून घेतली. दीड महिना आई एका काडीचा चष्मा हाताने धरून पेपर वाचत होती.