आजीची मांडी आणि गाडीतली सीट

बाळ दवाखान्यातून घरी येतं ते बहुतेक आजीच्या मांडीवर. "कोथरूडहून औंधलाच तर जायचंय, त्याला कशाला बाळाची वेगळी सीट?" हे ठरलेलं वाक्य. त्यावर दंड सांगून उपयोग नसतो (मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनुसार 1000 रुपये, 14 वर्षांखालच्या मुलांसाठी). हिशेब सांगावा: गाडी ताशी 50 किलोमीटरच्या वेगात आदळली, तर 10 किलोचं बाळ क्षणभर 200 किलोच्या घरात ओढ देतं. तेवढं कुणाच्या हातांनी धरवत नाही.

दुसरी तक्रार, "सीटमध्ये बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला कशाला? पाय दुमडतात." दुमडू द्या. बाळाचं डोकं शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी. तोंड मागे असलं की धक्का पाठ, मान, डोकं मिळून झेलतात. निदान 15 महिने तरी असंच, आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत पुढेही. पुढच्या सीटवर, चालू एअरबॅगसमोर अशी सीट कधीच नको.

घोळ होतो तो बसवण्यात. सीट ढिली राहते, कारण बेल्ट ओढताना कुणी तिच्यावर भार देत नाही. गुडघ्याने सीट दाबा, मग बेल्ट ताणा. बेल्ट जातो तिथेच धरून हलवा, 2.5 सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा. आयसोफिक्स (बेल्टऐवजी गाडीतल्या लोखंडी कड्यांना सीट थेट अडकवायची सोय) असेल तर खटका दोन्ही बाजूंना ऐकू यायला हवा आणि हिरवी खूण दिसायला हवी.

खांद्याचे पट्टे: तोंड मागे असताना खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून, पुढे असताना रेषेत किंवा किंचित वरून. पिळ काढा. मग खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा, चुणी पडली तर अजून ढिला आहे. महाबळेश्वरला जाताना जाड जॅकेट आधी काढा, पट्टे आवळा, मग वरून शाल पांघरा. जॅकेट धक्क्यात चेपतं आणि पट्टा सैल पडतो.

रडारड होणारच. सीट आधी चार दिवस हॉलमध्ये ठेवा, खेळू द्या. आजीला मागे शेजारी बसवा, बकल लावायचं काम त्यांच्याकडेच द्या. तक्रार निम्मी होते. खरंच आवरेना, तर गाडी बाजूला घ्या, चालत्या गाडीत बाळाला सीटमधून काढू नका.

मावसभावाकडून आलेली सीट असेल तर अपघातातून गेली आहे का विचारा, मागचा वापर-मुदतीचा ठसा पाहा. आणि पट्टे साबणात भिजवू नका, ओल्या फडक्याने पुसा.