चमचमतं तेल

आज ऑइल बदलायला म्हणून बाईक नाना पेठेत नेली. अर्ध्या तासाचं काम, मग अमृततुल्य चहा आणि घर, असा साधा बेत होता. मेकॅनिककाकांनी ड्रेन नट काढला, काळं तेल ट्रेमध्ये पडलं आणि उन्हात चक्क चमचमलं. लक्ष्मी रोडवरच्या सराफाच्या काउंटरसारखं!

काकांनी दोन बोटांत तेल चोळून माझ्यापुढे धरलं. नुसती राखाडी पेस्ट असती तर चालली असती म्हणे, तेवढं घासतंच. पण हे तांदळाच्या कणीएवढे धातूचे पापुद्रे होते. मग त्यांनी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक फिरवलं. काही कण चटकन चिकटले, ते पोलादाचे. काही ढिम्म पडून राहिले, ते बहुतेक अ‍ॅल्युमिनियमचे. माझ्या बाईकमध्ये इंजिन, गिअर, क्लच सगळ्यांना तेल एकच, त्यामुळे चोर नेमका कोण हे खोलल्याशिवाय कळणार नाही.

"शेवटचं ऑइल कधी बदललं होतं साहेब?"

मी टपरीकडे बघत राहिलो. दर रविवारी सिंहगडाच्या घाटात गाडी पिळायची, तेलाची पातळी दाखवणारी काच मात्र धुळीने माखलेली. दोन महिने टकटक येत होती, तीही "वय झालं तिचं" म्हणून सोडून दिलेली.

इंजिन उद्या खोलणार. पीएमपीच्या बसने घरी येताना कागदाच्या पुडीतले ते पापुद्रे दोनदा काढून बघितले. खर्चाचं बायकोला अजून सांगितलेलं नाही. आता ही पोस्ट वाचून कळेलच.